मुकी गाडी

गाडीचा एसी बंद पडला तर ती घरातली गोष्ट असते. काचा खाली करायच्या, मे महिन्यातलं 45 अंशांचं वारं तोंडावर घ्यायचं आणि 'मोकळी हवाच बरी' म्हणत घामाघूम व्हायचं. ब्रेकचे लायनर झिजले तर ते आपल्याला कळतं, गॅरेजवाल्याला कळतं आणि नशीब वाईट असेल तर पुढच्या गाडीवाल्याला. हॉर्नचं तसं नाही. यवतमाळात हॉर्न गेला की ती सार्वजनिक बाब होते.

आमचा गेला तो पाऊस उघडता उघडता, नवरात्राच्या तोंडावर. दत्त चौकातून निघालेल्या एका सायकलस्वार काकाजींच्या मागे मी निमूट चाललो होतो. ते रस्त्याच्या मधोमध, मी त्यांच्या मागोमाग आणि माझ्यामागे वाढत जाणारी एक मिरवणूक. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. सायकल थांबवून उतरले, काचेजवळ आले आणि म्हणाले, "काय जी, नाराज आहे का माह्यावर? केव्हाचे मांगं मांगं येऊन रायले, वाजवत काऊन नाही?"

"हॉर्न बंद पडला, काकाजी."

"मंग घरीच रायचं ना बाप्पा!"

आणि त्यांचं खरंच होतं. आमच्या जिल्ह्यात हॉर्नवर जेवढी कामं टाकलेली आहेत तेवढी तलाठ्यावरही नसतील. याचं एक कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर मनापासून घोटलेला तो ऐवज एकदा गालात बसला की माणसाचं बोलणं तासाभरासाठी तहकूब होतं. हनुवटी वर, ओठ घट्ट, आणि सगळा व्यवहार 'हूं' आणि 'उंहूं' यांवर. अशा माणसानं चालत्या गाडीतून ओळखीच्याला हाक मारायची कशी? हॉर्ननं. एकदा 'पिप' म्हणजे रामराम. दोनदा म्हणजे 'काय, बरं हाय ना?' तीनदा म्हणजे 'थांब, उधारीचं बोलायचं आहे', आणि हे ऐकून समोरचा थांबत नाही, त्याअर्थी त्यालाही ती भाषा येते. कळंबच्या चिंतामणीजवळून जाताना चालत्या गाडीत दोन्ही हात जोडणं धोक्याचं, म्हणून तिथं नमस्कारसुद्धा हॉर्ननंच होतो. फाटक उघडायला, शिकवणीच्या दारातून मुलीला बोलवायला, भाजीच्या गाडीला थांबवायला, सगळीकडे अंगठ्याचं काम. आता मी फाटकाबाहेर उभा राहून नावानं हाका मारू लागलो. हिनं पहिल्या दिवशी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "अहो, हळू. लोकांना वाटेल भांडून बाहेर काढलंय."

गुरांचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात गोठ्यात चिखल, शेतात ओल, म्हणून सगळं गोधन डांबरी रस्त्यावर येऊन बसतं. डांबर कोरडं असतं, वारं मोकळं असतं आणि डास कमी. घाटंजी रोडला तर त्यांची सभा भरते. हॉर्ननं ती उठतात असं मुळीच नाही. पण वाजवला की निदान एखादा कान हलतो आणि आपण काहीतरी केलं एवढं समाधान पदरी पडतं. मुक्या गाडीला तेही नाही. एकदा एक म्हैस आणि आमची हॅचबॅक, अशी दोन मुकी जनावरं बराच वेळ एकमेकींकडे पाहत उभी होती. शेवटी गाडी रिव्हर्स घ्यावी लागली.

ट्रॅक्टरपुढे तर हॉर्नवाल्यांचाही इलाज चालत नाही. दसऱ्याच्या सुमारास पहिला कापूस निघतो, शेतात सीतादहीची पूजा होते आणि रस्त्यावर ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन्हीकडे शाळेच्या दप्तराएवढे स्पीकर, त्यात लग्नातली गाणी. पुढं जायचं असेल तर गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आतल्या फटीत हॉर्न वाजवावा लागतो. हे कसब यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या रस्त्यावर आयुष्य घालवल्याशिवाय येत नाही.

हॉर्न बंद आहे हे एकदा पानठेल्यावर बोलून बसलो, आणि निदानं सुरू झाली. आपल्याकडे गाडीच्या बॉनेटला हात लावायचा तर लोक विचारतात. हॉर्नची कळ दाबायला मात्र कोणी कोणाला विचारत नाही. जो येईल तो उघड्या काचेतून हात घालून स्टिअरिंग दाबून बघायचा, आणि वाजला नाही की 'नाही वाजत' असा निकाल माझ्याकडे पाहून जाहीर करायचा, जणू मी अफवा उठवली होती.

"फ्यूज असंन."

"बॅटरी उतरली."

"बॅटरी उतरली तर गाडी कशी सुरू झाली बे?"

"उंदरानं वायर खाल्ली. माह्या साल्याच्या गाडीची खाल्ली होती."

एकानं मात्र खर्रा बाजूला सारून, गंभीर होऊन विचारलं, "वाजत असंन जी, पण तुमाले आयकू येते ना?"

या सगळ्यांत फ्यूजवाला त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध होता. फ्यूज पाहणं हे घरी करता येण्यासारखं पहिलं काम. गाडीच्या पुस्तकात डब्याचा नकाशा असतो, त्यात भोंग्याचं चित्र शोधायचं, बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा छोटा रंगीत फ्यूज चिमट्यानं उपसायचा आणि आतली तार तुटली आहे का ते उजेडात धरून बघायचं. आमचा शाबूत होता. पुढचं काम मिस्त्रीचं.

आमचे मिस्त्री आर्णी रोडला कडुनिंबाखाली बसतात. टेबल, चार्जिंगला लावलेल्या दोन बॅटऱ्या आणि वायरच्या दोन टोकांना जोडलेला बारा व्होल्टचा एक बल्ब, एवढ्यावर त्यांनी अख्ख्या तालुक्याचे दिवे, वायपर आणि हॉर्न जिवंत ठेवले आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, टक वाजते का?"

"काय?"

"टक. रिलेची."

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्टिअरिंगवरची कळ दाबली की वीज थेट हॉर्नकडे जात नाही. कळ फक्त रिलेला इशारा देते. रिलेतलं इवलंसं चुंबक 'टक' करून मोठा रस्ता उघडतं आणि मग बॅटरीची वीज हॉर्नकडे धावते. टक आली तर कळ ठीक, स्टिअरिंग ठीक, दोष पुढं कुठंतरी: हॉर्नमध्ये, त्याच्या सॉकेटमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये. टक आली नाही तर दोष मागं: फ्यूज, रिले, किंवा स्टिअरिंगच्या पोटात घड्याळाच्या चावीसारखी गुंडाळून ठेवलेली चपटी पट्टी. चाक कितीही फिरलं तरी वायर तुटू नये म्हणून ती योजना. ती गेली तर एअरबॅगचा दिवाही पेटतो, स्टिअरिंग उतरवावं लागतं आणि बिल ऐकून आपलाच आवाज जातो. मी मनातल्या मनात टकीचा धावा केला.

अडचण अशी होती की टक ऐकायला शांतता लागते. आणि शांतता लागणार होती आर्णी रोडवर, नवरात्रात. आमचा दुर्गोत्सव कोलकात्यानंतर देशात नावाजलेला आहे. निदान आम्ही तरी सगळ्यांना तसंच सांगतो. पलीकडच्या मंडपात 'हॅलो, चेक, चेक' चाललं होतं. एक ट्रक मागं येत होता आणि मागं येत असल्याची वर्दी भजनाच्या चालीत देत होता. दोन पोट्टे फटफटीवरून, कोणीही मध्ये नसताना, हॉर्नवर अंगठा दाबूनच गेले. मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, मी कळ दाबली, ते म्हणाले, "काही आयकू नाही येऊन रायलं." हॉर्न दुरुस्त करायला सगळ्यांचे हॉर्न बंद पाहिजेत, ही गोष्ट मला तेव्हा कळली.

"राजेहो, एक मिनिट चूप राहा!" मिस्त्री ओरडले. झाडाखालची माणसं चूप झाली. रस्ता झाला नाही. मग त्यांनी पेचकस घेतला, त्याचं टोक रिलेवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला एवढी एकाग्रता दिसत नाही. मी दाबलं. मिस्त्रींचा चेहरा उजळला. "हाय! टक हाय!" झाडाखाली सगळ्यांनाच बरं वाटलं.

मग बंपरच्या जाळीमागून हॉर्न खाली उतरला. त्याच्या सॉकेटला बल्बाची टोकं लावली, मी कळ दाबली, बल्ब पेटला. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती आणि घरात कोणी ओ देत नव्हतं. शंखासारख्या त्या हॉर्नचं तोंड वर होतं. मिस्त्रींनी तो उलटा केला, तर आतून पावसाळाभराचं पाणी आणि काळ्या मातीचा गाळ असं मिळून एक लहानसं शेतच बाहेर पडलं. त्यात पऱ्हाटी तेवढी लावायची राहिली होती.

"कोणी बसवला हा?" मिस्त्रींनी विचारलं.

कुठल्याही मिस्त्रीचं पहिलं वाक्य आधीच्या मिस्त्रीविषयी असतं. दाताचे डॉक्टर, गवंडी आणि नवं सरकार यांचंही तसंच. पण इथं त्यांना आधार होता. हॉर्नचं तोंड नेहमी खाली पाहिजे, म्हणजे पाणी थांबत नाही. मागं कधीतरी बंपरचं काम झालं होतं, तेव्हा कोणीतरी ते आकाशाकडे करून ठेवलं होतं. मी नाव सांगितलं नाही. गाव लहान आहे.

हॉर्नमध्ये पाणी गेलं तर एवढं काय बिघडतं, हे समजायला तो वाजतो कसा ते बघावं लागतं, आणि ते मला फार आवडलं. आत तारेची गुंडाळी असते आणि पोलादाचा पातळ पडदा. वीज आली की गुंडाळीचं चुंबक होतं आणि पडद्याला ओढतं. पडदा ओढला गेला की त्याच हालचालीनं आतले पॉइंट उघडतात आणि वीज तुटते. वीज तुटली की पडदा मागं येतो, पॉइंट जुळतात, वीज परत येते. असं सेकंदाला सुमारे 400 वेळा. वीज आली आणि टिकून राहिली तर हॉर्न एकदा टक करून गप्प बसेल. ती सारखी येते-जाते म्हणून तो बोंबलतो. आमच्या कृषिपंपाच्या लाइनीवरही हेच चालतं. तिथं बोंबलायचं काम शेतकऱ्याकडे आहे. तर या पॉइंटांवर गंज चढला की ते एकतर जुळतच नाहीत, नाहीतर चिकटून बसतात. आमचे जुळत नव्हते.

मिस्त्रींनी हॉर्नला पेचकसाच्या मुठीनं दोनदा ठोकलं, बॅटरीवरून डायरेक्ट वीज दिली. 'घ्याँ' असा एक ओला आवाज आला आणि थांबला. मागचा बारीक स्क्रू पाव आटा फिरवला, तेव्हा 'घ्याँऽघ' झालं. "वाजन सर, पण भरवसा नाही. नवा टाका."

एव्हाना झाडाखाली बरीच मंडळी जमली होती. हॉर्नचा विषय निघाला की शकुंतलेपर्यंत जातोच. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची नॅरोगेज गाडी. तिचं मँचेस्टरहून आलेलं 1921 चं वाफेचं इंजिन एप्रिल 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं आणि पुढं गाडीच थांबली. वेग असा की माणूस शिट्टी ऐकून घरून निघाला तरी तिला गाठायचा. "तिची शिट्टी म्हणजे सरका असं नव्हतं," एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "या असं होतं." त्यावर सगळे थोडे हळवे झाले आणि कोणीतरी खर्रा पुढं केला.

मग विषय गडकरी साहेबांवर आला. नागपूर शेजारीच, त्यामुळे आमच्याकडे कुठलाही विषय त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. 2021 मध्ये नाशिकला त्यांनी हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांचे आवाज यावेत, असा कायदा करायचा विचार बोलून दाखवला होता.

"तबल्यानं म्हैस उठन का?"

"उठन. पण समेवर."

"मले तर संदल पायजे. हॉर्न दाबला का आख्खी वरात."

खरं सांगायचं तर मोटारींत संगीत आधीपासून आहे. हॉर्नची जोडी असते तेव्हा एक साधारण 400 कंपनांचा, दुसरा 500 चा. गाणाऱ्याला विचारा, षड्ज आणि शुद्ध गंधार. आपण रोज हजारो गाड्यांचा सा-ग ऐकतो आणि वर कपाळाला आठ्या घालतो. वास्तविक हॉर्नचा जन्मच संशयास्पद आहे. 1908 च्या सुमारास बाजारात आलेल्या 'क्लॅक्सन' या विजेच्या भोंग्यामागं मिलर रीझ हचिसन नावाचा अमेरिकन संशोधक होता, आणि त्याच गृहस्थानं त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं होतं. आधी औषध काढलं, मग रोग काढला, अशी थट्टा त्याच्या मित्रांत चालायची म्हणतात; ती मार्क ट्वेनच्या नावावर सांगितली जाते. आमच्या झाडाखाली ती कोणाच्याही नावाशिवाय चालली.

कायदाही याच गोंधळात आहे. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम म्हणतात, प्रत्येक गाडीला हॉर्न पाहिजेच, मात्र एकामागून एक वेगळे सूर काढणारा किंवा कर्कश नको. 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 194-एफ म्हणतं, विनाकारण किंवा सतत वाजवला तर पहिल्यांदा 1,000 आणि पुढच्या वेळी 2,000 रुपये दंड. म्हणजे नसला तरी गुन्हा, वाजवला तरी गुन्हा. ट्रकांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' 2015 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी पुसायला सांगितलं, कारण ते वाचून लोक उगाच वाजवतात. वणीहून कोळसा घेऊन येणारे ट्रक पाहिले तर आदेश अजून वाटेत असावा. मुंबईच्या पोलिसांनी सिग्नललाच आवाज मोजायचं यंत्र जोडल्याचं 2020 च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं: थांबलेल्यांनी 85 डेसिबलच्या वर गोंगाट केला की लाल दिव्याचा आकडा पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकून मिस्त्री म्हणाले, "आपल्या इथं लावलं तर लाल दिव्यातच दिवाळी होईन."

नवा हॉर्न घ्यायला दुकानात गेलो. गाडी घेताना माणूस रंग पाहतो, हॉर्न घेताना त्याला स्वतःचा स्वभाव पाहावा लागतो. दुकानदारानं काउंटरवर बॅटरी ठेवली आणि एकेक वाजवून दाखवला. एक अगदी सभ्य, बँकेत नोकरीला असल्यासारखा. एक घसा खाकरून बोलणारा. मला सभ्य हवा होता, पण मिस्त्रींनी सोबत पाठवलेल्या पोराला ते पटलं नाही. "सर, ह्यानं कुत्रंबी उठत नाही." शेवटी त्याच्या पसंतीची जोडी घेतली. कायद्यात बसणारी, पण कायद्याच्या अगदी काठावर बसून पाय खाली सोडलेली.

मिस्त्रींनी तोंडं खाली करून हॉर्न बसवले, अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासली, टेप मारला आणि म्हणाले, "वाजवा." मी वाजवला. झाडाखालचे सगळे खूश झाले आणि प्रत्येकानं एकदा वाजवून पाहिला.

घरी निघालो तर वेगळीच पंचाईत. इतक्या दिवसांचं तुंबलेलं बोलायचं होतं, पण इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती जाहीर झालेली शांतता क्षेत्रं. आमच्या रस्त्यावर एक संपलं की दुसरं लागतं. मधल्या एका तुकड्यात समोर एक मोटारसायकल होती. मी हलकेच दाबला. तो बिचारा ट्रक आला समजून थेट नालीच्या काठाला गेला, वळून पाहिलं, आणि मागून आमची छोटी गाडी निघाली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी फसवणूक होती ती मला बघवली नाही. फाटकापाशी वाजवला तर शेजारचे बाहेर आले. ही गॅलरीतून म्हणाली, "अहो, रेती कोणी मागवली?"

जुना हॉर्न मात्र वाया गेला नाही. घाटंजीकडचे एक शेतकरी मिस्त्रींकडे बॅटरी भरायला आले होते, त्यांनी तो मागून घेतला. कपाशीत रोही आणि रानडुकरं येतात, रात्रभर जागून हाकलायची किती? फटफटीची जुनी बॅटरी आणि हा हॉर्न मचाणावर ठेवतो, म्हणाले. मिस्त्रींनी पॉइंट घासून, 'घ्याँऽघ' एवढा आवाज शाबूत ठेवून त्यांना दिला.

दिवाळीनंतर ते पुन्हा झाडाखाली भेटले.

"काय भाऊ, चालते का हॉर्न?"

"चालते ना जी. पयल्यांदा लय भेले डुकरं, पार नाल्यापलीकडं गेले."

"आणि आता?"

"आता समजलं त्याहिले." त्यांनी पन्नी उघडून खर्रा हातावर घेतला. "हॉर्न वाजला का धुऱ्यावर सरकतात, गाडीले साइड देतात. गाडी गेली असंन असं वाटलं का येतात परत अन् लागतात खाले."